सालबाईचा तह : उभयपक्षी जामिनकीची चिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासातील ज्या तहांच्या मूल्यमापनाविषयी अभ्यासकांत आजवर एकवाक्यता झालेली नाही, त्यांत १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे ठरलेल्या तहाची गणना करावी लागते. एका मतानुसार हा तह म्हणजे पुणे दरबाराचा विजय होय. कारण रघुनाथरावाचा पक्ष इंग्रजांना सोडावा लागला आणि पुरंदरच्या तहानंतर युद्धात जिंकलेला मुलूख त्यांना परत करावा लागला. दुसऱ्या मतानुसार तो इंग्रजांचाच विजय होय. कारण साष्टी त्यांच्याकडे राहिली आणि अत्यंत अडचणीच्या वेळी मिळालेल्या वीस वर्षांच्या शांततेचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. तिसऱ्या मतानुसार या तहाचा खरा लाभ पुण्याला किंवा कलकत्त्याला नव्हे, तर एकट्या महादजी शिंद्याला झाला.

ही तिन्ही मते परस्परविरोधी दिसत असली, तरी त्यांची विचारपद्धती एकच आहे. तह म्हणजे जमाखर्चाचा ताळेबंद असे समजून कोणाच्या पदरात काय पडले याची मोजदाद ती करतात. परंतु युद्धानंतरच्या तहाला दोन कामे करावयाची असतात. चालू असलेले युद्ध थांबविणे हे पहिले काम. ज्या ज्या सत्ता त्या युद्धात ओढल्या गेल्या, त्यांचे परस्परसंबंध पुन्हा अशा रीतीने बांधणे की, पुढील तंटा रणांगणावर न जाता बोलाचालीने मिटावा, हे दुसरे. सालबाईच्या तहाने पहिले काम उत्तम प्रकारे केले. दुसरे काम त्याने कितपत केले, आणि जेथे केले नाही तेथे दोष कोणत्या कलमात होता, हा प्रश्न जमाखर्चाच्या पद्धतीत उपस्थितच होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१

युद्धाचा वृत्तान्त येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि गादीच्या वारशाचा तंटा उभा राहिला. १७७४ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी बेट घेतले. मार्च १७७५ मध्ये सुरतेस रघुनाथरावाशी करार करून त्यांनी त्याचा पक्ष उघडपणे स्वीकारला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा करार नापसंत करून कर्नल अप्टन यास पाठविले व १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. तो मुंबईकरांनी मनापासून मानला नाही. त्यांची फौज रघुनाथरावाला घेऊन पुण्याच्या रोखाने निघाली व जानेवारी १७७९ मध्ये वडगावास कोंडली जाऊन तिला शरणागतीचा करार करावा लागला. तो करार कलकत्त्याने अमान्य केला.

म्हणजे चार वर्षांच्या अवधीत तीन करार झाले आणि तिन्ही मोडले. या घटनेचा अर्थ केवळ इंग्रजांची लबाडी असा करणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. १७७३ च्या नियमनाच्या कायद्याने युद्ध व तह या बाबतीत मुंबई व मद्रास ही सरकारे बंगालच्या देखरेखीखाली आणली होती. पण प्रत्यक्ष व्यवहारात ही अधीनता अद्याप मुरलेली नव्हती. त्यामुळे कंपनीचा शब्द म्हणजे नेमका कोणाचा शब्द, हा पुण्यापुढील पहिला प्रश्न होता. इंग्रजांपुढेही याच जातीचा प्रश्न होता. पेशवा सवाई माधवराव अज्ञान बालक. कारभार बारभाईंच्या मसलतीतून नाना फडणिसाच्या हाती आलेला. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांच्या फौजा स्वतंत्र. पुण्याची मोहर उमटली म्हणजे मराठी राज्याचे सर्व घटक बांधले गेले असे कोण म्हणू शकत होते? तेव्हा १७८२ साली कलमे कोणती असावीत याहून अधिक अवघड प्रश्न, ती पाळली जातील हे कोणी सांगावे, हा होता. तहाची चिकित्सा या प्रश्नापासूनच सुरू केली पाहिजे.

२

तह एकंदर सतरा कलमांचा आहे. पुरंदरच्या तहानंतर कंपनीने जिंकलेली वसई व इतर ठाणी तह पुरा झाल्यापासून दोन महिन्यांत पेशव्याला परत द्यावयाची. साष्टी व तिच्यासह घारापुरी, करंजा इत्यादी लहान बेटे इंग्रजांकडे राहावयाची. रघुनाथरावाला कंपनीने यापुढे पैसा, फौज वा आश्रय द्यावयाचा नाही, व तो आपखुशीने महादजीकडे येऊन राहिल्यास पेशव्याने त्याला दरमहा २५,००० रुपये द्यावयाचे. पेशव्याने आपल्या मुलखात पोर्तुगीजांच्या जुन्या वखारींखेरीज अन्य युरोपीय राष्ट्रांस वखारी घालू द्यावयाच्या नाहीत, ही त्यांतील मुख्य कलमे होत. भडोच प्रथम इंग्रजांकडे ठेवून नंतर ते त्यांनी महादजीला दिले.

ही कलमे सुबोध आहेत आणि त्यांची अंमलबजावणीही बऱ्याच अंशी झाली. रघुनाथराव कोपरगावास जाऊन राहिला व १७८३ च्या अखेरीस तेथेच मरण पावला. ज्याच्या नावाने युद्ध पेटले तो तंटाच त्याच्याबरोबर संपला. वसई परत आली. एवढ्यापुरते पाहिले तर उभय पक्षांत समतोल साधणारा तह म्हणून सालबाईचे नाव घ्यावयास हरकत नाही. परंतु तहाचे दीर्घकालीन परिणाम या कलमांतून उद्भवलेले नाहीत. ते दोन निराळ्या तरतुदींतून उद्भवले आहेत. पहिली महादजीच्या जामिनकीची, दुसरी हैदरअलीसंबंधीची.

३

कंपनी व पेशवा या दोघांचाही महादजीवर पूर्ण भरवसा असल्यामुळे दोघांच्या विनंतीवरून त्याने उभयपक्षी जामीन राहावे, आणि जो पक्ष तहाविरुद्ध वागेल त्याच्याविरुद्ध दुसऱ्या पक्षास मिळून त्याला ताळ्यावर आणावे, अशा आशयाचे कलम तहात आहे. वर सांगितलेल्या विश्वासाच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तर होय, आणि तत्कालीन परिस्थितीत ते कल्पकतेचे होते यात संशय नाही. पुण्याला कलकत्त्याच्या शब्दाची खात्री नव्हती, कलकत्त्याला पुण्याच्या. तेव्हा ज्याची फौज दोघांच्याही उपयोगी वा अपायी पडू शकेल अशा तिसऱ्याला मध्ये घ्यावे, हा व्यवहारी विचार होता. वडगावच्या वेळी कोंडलेल्या इंग्रज फौजेशी महादजीने केलेले वर्तन इंग्रजांच्या स्मरणात होते, आणि १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर याच्याशी स्वतंत्र समेट करून त्याने वाटाघाटीचा मार्ग मोकळा केला होता. सालबाईस कंपनीचा प्रतिनिधी डेव्हिड अँडरसन होता. पेशव्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार महादजीकडेच होता.

येथेच या कलमातील पहिला दोष दिसतो. जामीन हा दोन्ही पक्षांच्या बाहेरचा असावा लागतो. महादजी एका पक्षाचा सरदार होता, त्याच पक्षाचा मुखत्यार होता, आणि शिवाय दोघांचा जामीन होता. पेशव्याने तह मोडल्यास महादजीने इंग्रजांस मिळून पेशव्यावर चालून जावे, असा या कलमाचा अक्षरशः अर्थ होतो. सेवकाला धन्याविरुद्ध शस्त्र उचलण्याचा अधिकार परराज्याशी झालेल्या तहात लिहून द्यावा, ही गोष्ट साधी नाही. इंग्रजांना पेशवा व शिंदे यांच्यातील सेव्य-सेवक नाते ठाऊक नव्हते असे नाही. ते ठाऊक असूनच हेस्टिंग्सने महादजीला जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीशाचा मान दिला. मराठी राज्याचे घटक एकमेकांपासून अलग करून प्रत्येकाशी निराळा व्यवहार करावयाचा, ही पुढील राजनीती या एका कलमात बीजरूपाने आढळते.

दुसरा दोष असा की, ही जामिनकी पदाला नव्हे तर व्यक्तीला जोडलेली होती. तंटा उद्भवल्यास कोणी कोठे बसून तो ऐकावा, कोणता पुरावा मानावा, जामिनाच्या निर्णयाला मुदत किती, यांपैकी कशाचाच बंदोबस्त झाला नाही. महादजीचे वजन होते तोवर हे कलम जिवंत होते. परंतु ते वजन टिकविण्यासाठी महादजीला उत्तरेत मोकळीक हवी होती, व त्या मोकळिकीसाठी इंग्रजांची अनुकूल तटस्थता हवी होती. १७८४ च्या अखेरीस बादशहा शाहआलमकडून त्याला वकील-इ-मुतलक हे पद मिळाले. लगेच १७८५ मध्ये बादशहाच्या नावाने बंगालच्या थकलेल्या खंडणीची मागणी कलकत्त्यास झाली, तेव्हा इंग्रजांनी ती कठोरपणे फेटाळली आणि महादजीला माघार घ्यावी लागली. जो स्वतः एका पक्षाकडे मागणीदार म्हणून उभा आहे, त्याने त्याच पक्षाचा निःपक्षपाती जामीन कसे राहावे? १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजीचा अंत झाला. त्याची दौलत दत्तक वारस दौलतराव याच्याकडे गेली. विश्वास हा वारसा हक्काने जात नाही.

४

दुसरी तरतूद हैदरविषयीची. तिचे महत्त्व कळण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. १७८० च्या प्रारंभी नानाने इंग्रजांविरुद्ध जी मसलत उभी केली ती अठराव्या शतकातील हिंदी राजकारणातील अपूर्व घटना होय. हैदराने कर्नाटकात उतरावे, निजामाने उत्तर सरकारांवर दाब द्यावा, नागपूरकर भोसल्यांनी बंगालकडे फौज न्यावी, आणि पुणे दरबार व शिंदे-होळकर यांनी कोकण, गुजरात व माळवा सांभाळावा, अशी तिची वाटणी होती. आपापसांत वर्षानुवर्षे लढलेल्या सत्ता प्रथमच एका शत्रूविरुद्ध कामांची वाटणी करून उभ्या राहिल्या. तिचे सर्व भाग सारखे टिकले नाहीत. हेस्टिंग्सने गुंटूरचा प्रश्न निजामाच्या मनाजोगा मिटवून त्याला थंड केले, आणि भोसल्यांच्या कटकपर्यंत आलेल्या फौजेला रोख रक्कम देऊन बंगालपासून दूर ठेवले. पण हैदराने आपला भाग पुरेपूर पार पाडला. जुलै १७८० मध्ये तो कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूर येथे त्याने बेलीची फौज नष्ट केली. इंग्रजांना पुण्याशी तहाची निकड भासू लागली तिचे एक मोठे कारण हा कर्नाटकातील वणवा होता.

अशा या दोस्ताचे सालबाईच्या तहात काय झाले? इंग्रजांचा व अर्काटच्या नवाबाचा जो मुलूख हैदराने घेतला असेल तो तह पुरा झाल्यापासून सहा महिन्यांत त्याला सोडावयास लावण्याची हमी पेशव्याने दिली. आणि हैदर इंग्रजांशी शत्रुत्व न करील व पेशव्याशी स्नेहाने राहील तोवर इंग्रजांनीही त्याच्याशी युद्ध करू नये असे ठरले. वाटाघाटीच्या बैठकीला हैदराचा वकील नव्हता. त्याची संमती घेतलेली नव्हती. रणांगणावर तो अद्याप लढत होता. अनुपस्थित दोस्ताचे कर्तव्य तहात लिहिले गेले. त्याचा हक्क लिहिला गेला नाही. कर्नाटकातील युद्ध त्याने पुण्याच्या मसलतीने आरंभिले होते, आणि त्या युद्धाचे फळ त्याने पुण्याच्या शब्दावर परत करावे असे पुण्याने लिहून दिले.

या कलमाचा अवघडपणा नानाला जाणवला नव्हता असे म्हणता येणार नाही. हेस्टिंग्सने ६ जून १७८२ रोजी तहाला मान्यता दिली, पण पुण्याची मान्यता डिसेंबर उजाडेपर्यंत आली नाही. या विलंबाला साष्टी परत मिळविण्याची आशा हे एक कारण होते. हैदर मैदानात आहे तोवर इंग्रजांवरील दाब कायम आहे, हे दुसरे. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात पुण्याची मान्यता झाली; मान्यतापत्रांची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ रोजी झाली. हैदराच्या आधारे नानाने सहा महिने काढले, पण हैदराच्या वतीने एकही नवे कलम मिळविले नाही.

परिणाम अपेक्षित होता तोच झाला. टिपूने सालबाईच्या तहाने स्वतःला बांधून घेतले नाही. त्याने युद्ध चालू ठेवले आणि ११ मार्च १७८४ रोजी मंगळूर येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. त्यात पुण्याला मध्यस्थाचे स्थान उरले नाही. सालबाईत पेशव्याने मैसूरकरांविषयी जी हमी दिली होती ती निरर्थक ठरली, आणि मैसूरकरांच्या मनात पुण्याविषयी जो विश्वास होता तोही गेला. १७८० चे दोस्त १७८६ मध्ये एकमेकांविरुद्ध लढत होते. पेशवा व निजाम यांच्या फौजांनी बदामी घेतली; १७८७ मध्ये गजेंद्रगडास तह झाला. ही लढाई सालबाईमुळेच झाली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखाचा तंटा जुना होता. पण तो मिटविण्याची जी संधी १७८० च्या दोस्तीने दिली होती ती सालबाईने घालविली, हे नाकारता येत नाही.

५

तहानंतरच्या व्यवस्थेचे खरे स्वरूप फौजांच्या हालचालींपेक्षा वकिलातींच्या रचनेत अधिक स्पष्ट दिसते. अँडरसन तहानंतर महादजीजवळ कंपनीचा रेसिडेंट म्हणून राहिला. पुण्याशी व्यवहार जामिनाच्या मार्फत चालावा, हे या व्यवस्थेत गृहीत होते. परंतु थोड्याच काळात कंपनीला पुण्यास स्वतंत्र रेसिडेंट असावा असे वाटू लागले. त्या जागेसाठी योजलेला चार्ल्स मॅलेट १७८५ मध्ये प्रथम महादजीच्या छावणीत गेला. जामिनाची संमती घेणे अवश्य होते. पुण्याशी इंग्रजांचा सरळ संबंध जडला म्हणजे आपले मध्यस्थपण संपले, हे महादजीला कळत होते व त्याला ते रुचले नव्हते. तरीही १७८६ मध्ये मॅलेट पुण्यास येऊन दाखल झाला. नानालाही ते सोयीचे वाटले, कारण महादजीच्या मध्यस्थीतून सुटका होत होती. दोन मराठी मुत्सद्द्यांतील स्पर्धेने एक जागा रिकामी केली आणि ती तिसऱ्याने भरली.

पुणे रेसिडेन्सीचा जो पत्रव्यवहार १९३६ पासून प्रसिद्ध झाला, त्याच्या पहिल्या दोन खंडांची विभागणी या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जदुनाथ सरकारांनी संपादिलेला पहिला खंड महादजी व उत्तरेतील राजकारणाचा आहे व तो १७८५ पासून सुरू होतो, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेला दुसरा खंड मॅलेटच्या वकिलातीचा आहे व तो १७८६ पासून सुरू होतो. एकाच तहातून निघालेले दोन प्रवाह, दोन दरबार, दोन रेसिडेंट. पण दोघांची पत्रे अखेर कलकत्त्याच्या एकाच कचेरीत जाऊन पडत होती.

यावर असा आक्षेप येईल की, पुणे दरबाराचे वकीलही सर्वत्र होते. हैदराबादेस गोविंदराव काळे, दिल्लीस हिंगणे घराणे, कलकत्त्यास लाला सेवकराम यांसारखी माणसे होती आणि त्यांच्या पत्रांतील बारीक नजर आजही वाचकाला थक्क करते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यानेच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पुण्याला बातमीची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती बातमीला बांधिलकीची जोड देण्याची. पुणे, हैदराबाद, नागपूर व श्रीरंगपट्टण यांनी परस्परांवरील संकटाचा एकत्र विचार करावा, असे बंधन शांततेच्या काळात कोणत्याही तहाने कोणावर घातले नाही. प्रत्येकाचा कंपनीशी लेखी तह होता. आपापसांत होता तो तात्पुरता सलोखा. १७९० चे त्रिपक्षीय सख्य हे याला अपवाद म्हणून दाखविता येईल. पण त्या सख्याचा तिसरा पक्ष कंपनी होती, त्याचा रोख टिपूवर होता, आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने त्याचे काम संपले.

६

सालबाईची ही चिकित्सा न्याय्य व्हावयाची तर तिच्याविरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी नोंदविणे जरूर आहे. पहिली, १७८१-८२ मध्ये पुण्याची स्थिती मनासारख्या अटी घालण्याइतकी बळकट नव्हती. ऑगस्ट १७८० मध्ये पॉफमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता, त्या वर्षाच्या अखेरीस वसई पडली होती, आणि जुलै १७८१ मध्ये पोर्तो नोव्हो येथे आयर कूटने हैदराचा पराभव केला होता. इंग्रजही थकले होते हे खरे. पण थकव्याची तुलना दोन्ही बाजूंनी करावी लागते. दुसरी, हैदर हा निष्कलंक दोस्त नव्हता. पेशव्यांच्या गृहकलहाचा फायदा घेऊन त्याने मराठ्यांचा दक्षिणेतील मुलूख घेतला होता, आणि दोस्तीच्या करारात त्याबाबत त्याला सवलतही मिळाली होती. अशा दोस्तासाठी युद्ध लांबवावे, असा आग्रह नानाकडे कोणी धरला असता तरी पुण्यात तो पटला नसता.

मात्र तिसरा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, तो मान्य करता येत नाही. सामुदायिक संरक्षणाची कल्पना आधुनिक असून अठराव्या शतकातील मुत्सद्द्यांकडून तिची अपेक्षा करणे हा कालविपर्यास होय, असे म्हटले जाते. ही कल्पना बाहेरून आणण्याचे कारणच नव्हते. ती १७८० च्या मसलतीत प्रत्यक्ष उतरली होती. चार दरबारांनी एका शत्रूविरुद्ध काम वाटून घ्यावे हे नानाला सुचले, आणि काही काळ त्याने ते करून दाखविले. प्रश्न एवढाच आहे की, जी चौकट युद्धासाठी उभी करता आली ती तहाच्या मजकुरात का आली नाही. तिचे उत्तर या तहाच्या रचनेत आहे. वाटाघाट मसलतीच्या सूत्रधाराने केली नाही. ती त्याच्याच एका सरदाराने, स्वतःचा निराळा समेट आधी करून, केली. सूत्रधार पुण्यात सही अडवून बसला. त्यामुळे तह दोन पक्षांचा झाला, युद्ध मात्र पाच पक्षांचे होते.

७

सालबाईचा तह फसला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पुणे व कंपनी यांच्यात वीस वर्षे युद्ध झाले नाही, ही त्याची मोठी कामगिरी आहे, आणि त्या अवधीत पुण्याच्या कारभाराला जे स्वास्थ्य लाभले त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु ती शांतता दोन माणसांच्या आयुष्यावर उभी होती. महादजी १७९४ मध्ये गेला, नाना १३ मार्च १८०० रोजी. निजाम १७९८ मध्येच तैनाती फौजेच्या बंधनात गेला होता, आणि ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले होते. ज्या दरबारांशी मिळून १७८० मध्ये पुण्याने कंपनीला तहाच्या बैठकीवर आणले, त्यांपैकी दोन नाहीसे किंवा परतंत्र झाल्यावर पुणे एकटे उरले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पेशव्याच्या व शिंद्याच्या फौजेचा पुण्याजवळ पराभव केला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाला सहाय्य मागण्यासाठी शेजारी कोणी नव्हता. सालबाईने पेशव्याला परत मिळवून दिलेल्या वसईतच ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनीची फौज पदरी बाळगण्याचा तह केला.

तेव्हा सालबाईचा दोष त्याने साष्टी दिली यात नाही, अथवा महादजीचा मान वाढविला यातही नाही. युद्धाने जोडलेले शेजारी त्याने तहाबाहेर ठेवले, आणि व्यवस्थेच्या जागी जामीन बसविला, हा तो दोष होय. जामीन चांगला निवडला गेला होता, म्हणूनच हा दोष बारा वर्षे दिसला नाही. या तहाच्या मूल्यमापनात यापुढे कलमांच्या जमाखर्चाऐवजी, बैठकीला कोण होते व कोण नव्हते, या प्रश्नाला अग्रस्थान द्यावे लागेल. त्या दृष्टीने १७८२ च्या मे ते डिसेंबर या महिन्यांतील पुणे व श्रीरंगपट्टण यांच्यामधील पत्रव्यवहाराचे स्वतंत्र व सूक्ष्म अध्ययन होणे अगत्याचे आहे.